पत्ती आधी, उकळी नंतर

पातेल्यात पाणी, साखर, पूड, वरून म्हशीचं दूध आणि दोन-तीन उकळ्या. कोल्हापुरात चहा म्हणजे हाच. घरात कुणी सुट्या पत्तीवर आधण ओतून चार मिनिटं झाकून ठेवलं, की "हा कसला आजाऱ्याचा चहा?" असं ऐकावं लागतं. खरं तर ही झाकून ठेवायची रीतच जुनी आहे.

आसामच्या चहाच्या 8 पेट्यांचा लंडनमध्ये 1839 साली लिलाव झाला, तेव्हा तो पानांचाच चहा होता. तोडलेली पानं कोमेजवायची, वळायची, हवेवर काळपट होऊ द्यायची आणि वाळवायची. अख्खं पान सावकाश उतरतं, म्हणून किटली आणि झाकण. हा माल बहुतेक परदेशी जाई. आपल्याकडे चहाची गोडी लावायला मळेवाल्यांनी विसाव्या शतकात जाहिराती केल्या, फुकट कप वाटले. लोकांनी चहा घेतला, पण आपल्या पद्धतीने: पत्ती कमी, दूध-साखर जास्त, आणि खळखळून उकळी.

त्या काळात कोल्हापुरात चहाचा प्रश्न चवीचा नव्हता, तो कुणाच्या हातचा प्यायचा याचा होता. अस्पृश्य म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढायला मदत केली. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा पिऊ लागले आणि सोबतच्यांनाही पाजू लागले. पन्हाळ्यावर चहाची लागवड करून पाहणारा राजाही हाच. माझ्या मते कोल्हापूरच्या चहाचा इतिहास सांगताना मळ्याआधी हे हॉटेल सांगावं.

घरातली रीत पक्की झाली ती यंत्रामुळे. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला आसामात विल्यम मॅककर्चर यांनी दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, वळवायची पद्धत आणली. तीच सीटीसी. तिचे बारीक दाणे झटकन रंग सोडतात, दुधात दबत नाहीत आणि किलोमागे कपही जास्त निघतात. स्वातंत्र्यानंतर हाच माल देशभर पसरला. दुधाचा चहा पिणाऱ्याला आणखी काय हवं?

आता दार्जिलिंग, निलगिरीची लांब पत्ती पुन्हा घरात येते आहे, पण हात पुडीचाच. पत्ती पातेल्यात उकळली की तिचा वास वाफेबरोबर जातो आणि मागे तुरटपणा उरतो. एका कपाला दोन-अडीच ग्रॅम पत्ती पुरे. काळ्या चहाला आधण येताच पाणी ओतायचं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्याने इथलं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे थांबायची गरज नाही. ग्रीन टीला मात्र ते 80 अंशांपर्यंत निवू द्यावं. तीन-चार मिनिटांनी गाळायचं. दूध घालायचंच असेल तर आसामची पत्ती घ्यावी, दार्जिलिंग त्यात बुडून जातो.