पार्श्वभूमी : गायक ‘हो’ म्हणाले, तरी परवानगी मिळाली नव्हती

चाहत्याने इंटरनेटवर चालवलेल्या पानावर कॉपीराइटची नोटीस आली की सोलापुरात हमखास एक वाक्य ऐकू येतं : “अहो, खुद्द त्यांनीच हो म्हटलं होतं!” वाक्य खरं असतं. ज्याच्यासाठी पान उभं केलं त्या कलाकाराने खरंच हो म्हटलेलं असतं, कधी आनंदाने, कधी पाठीवर हात ठेवून. तरीही नोटीस कायद्याला धरून असते. हे कसं, ते समजून घ्यायला इंटरनेटच्या बरंच आधीपासून सुरुवात करावी लागते.

आमचा अनुभव २००४ च्या आसपासचा. नवी पेठेतल्या एका सायबर कॅफेत बसून आम्ही तिघांनी एका भावगीत गायकाचं पान तयार केलं. जागा फुकट मिळणारी, जिओसिटीजची. युनिकोडची सवय तेव्हा कुणालाच नव्हती. वाचणाऱ्याकडे आमचा फाँट नसेल तर त्याला नुसते चौकोन आणि आकडे दिसायचे. घरच्या कॅसेटींवरून उतरवलेली अकरा गाणी रिअल ऑडिओमध्ये चढवली होती. हुतात्मा स्मृती मंदिरात त्यांचा कार्यक्रम झाला तेव्हा आत जाऊन भेटलो, कागदावर छापलेलं पान दाखवलं. ते खूश झाले. “करा, करा, गाणी पोचू देत लोकांपर्यंत,” म्हणाले. आम्हाला वाटलं, झालं काम. वर्षभरात एका कंपनीकडून ईमेल आला : ध्वनिमुद्रणं सात दिवसांत काढून टाका. आम्ही गायकांच्या शब्दाचा हवाला दिला. त्याला उत्तर आलं नाही. सातव्या दिवसानंतर पानच उघडेना.

त्या गायकांनी आम्हाला फसवलं नव्हतं. त्यांच्या मालकीची नसलेली वस्तू त्यांनी मोकळ्या मनाने देऊन टाकली होती, एवढंच.

‘हक्कधारक’ हा शब्द वर्तमानपत्रात आणि नोटिशीत एकवचनी येतो, त्यामुळे घोळ होतो. एका गाण्यात निदान चार वेगवेगळे हक्क असतात. शब्दांचा एक, चालीचा दुसरा, ध्वनिमुद्रणाचा तिसरा आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्याच्या सादरीकरणाचा चौथा. पानावर गायकाचा फोटो लावला तर पाचवा, आणि तो सहसा गायकाचा नसतोच, तो फोटो काढणाऱ्याचा असतो. हे पाचही वेगवेगळ्या हातांत असू शकतात आणि वेगवेगळ्या वर्षी संपतात. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, शब्द आणि चाल कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९६४ साली बाजारात आलेली तबकडी १ जानेवारी २०२५ पासून ध्वनिमुद्रण म्हणून मोकळी झाली. पण तिच्यावरचे शब्द १९७७ च्या डिसेंबरात गेलेल्या थोर गीतकाराचे असतील (नाव सांगायची गरज नाही), तर त्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत राहतो. संगीतकार २००२ साली गेले असतील तर चाल २०६२ पर्यंत अडकलेली. ‘जुनं गाणं आहे, आता कोण विचारतो’ हे म्हणणं तबकडीपुरतं खरं आणि गाण्यापुरतं खोटं, अशी गंमत यातून होते.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, अंमल २१ जानेवारी १९५८ पासून. त्याआधी इंग्रजांचा १९१४ चा होता. त्याहीआधी आपल्याकडे कवनाचा मालक कोण, हा प्रश्न कोर्टात जाणारा नव्हता. आपल्या सोलापूरच्या शाहीर राम जोशींनी लावण्या लिहिल्या आणि त्या फडाफडांतून फिरल्या. शेवटच्या कडव्यात नाव गुंफलं की शाहिराचा हक्क शाबूत, इतकाच काय तो रिवाज. त्या काळात याहून जास्त रमायचं कारण नाही. आजची भांडणं ज्या निकालावर उभी आहेत तो १९७७ सालचा आहे.

त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयापुढे एका बाजूला गीतकार-संगीतकारांची हक्कसंस्था (त्यांच्या वतीने मानधन वसूल करणारी) होती आणि दुसऱ्या बाजूला पूर्व भारतातल्या चित्रपट निर्मात्यांची संघटना. सवाल साधा होता : चित्रपटासाठी पैसे देऊन करून घेतलेल्या चालीचा आणि गीताचा पहिला मालक कोण? कायद्याच्या कलम १७ मधली पोटकलमं वाचून न्यायालयाने सांगितलं की उलट करार नसेल तर निर्माता. संगीतकाराला मोबदला मिळाला, हिशेब मिटला. चित्रपटगृहात ते गाणं वाजलं म्हणून त्याला वेगळं मानधन मागता येणार नाही.

मला विचाराल तर या निकालावर जेवढी टीका झाली तेवढी बहुतांशी योग्यच आहे, पण टीकाकार एक गोष्ट विसरतात. त्याच निकालाला एका न्यायमूर्तींनी स्वतंत्र पुरवणी जोडली आणि कायद्याने गायकाला काहीच दिलेलं नाही, याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. आपल्याकडे मैफल ऐकायला लोक येतात ते गाणाऱ्यासाठी. असं असताना चाल बांधणाऱ्याला हक्क आणि गाणाऱ्याला शून्य, ही गोष्ट भारतीय वळणाची नाही, असा त्यांचा रोख होता. म्हणजे आमचे गायक ज्या काळात घडले, त्या काळात कायद्याच्या नजरेला ते दिसतच नव्हते. अंगुलीनिर्देश झाला, दुरुस्ती व्हायला मात्र १९९४ उजाडलं. १० मे १९९५ पासून सादरकर्त्याचा हक्क कायद्यात आला. त्याची मुदत आधी २५ वर्षं, १९९९ च्या दुरुस्तीनंतर ५०.

याच १९९४ च्या दुरुस्तीत आणखी एक बदल झाला, त्याची चर्चा फारशी होत नाही. तोपर्यंत ‘सांगीतिक कृती’ म्हणजे लिहून किंवा छापून काढलेला स्वरमेळ, अशी व्याख्या होती. पेटीवर बसून चाल बांधायची, गायकाला तोंडी शिकवायची आणि नोटेशन वादकांपुरतं, या आपल्या पद्धतीत कितीतरी चाली त्या व्याख्येत मुळात बसत होत्या का, हाच प्रश्न होता. लिखाणाची अट गेली आणि चाल ही चाल म्हणून कायद्यात आली.

मग २०१२. राज्यसभेत तेव्हा एक नामवंत गीतकार नियुक्त सदस्य होते आणि त्यांनी या दुरुस्तीमागे जोर लावला होता. मे महिन्यात दोन्ही सभागृहांनी ती मंजूर केली, २१ जूनपासून अंमल. चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांवर आणि चालीवर कर्त्याला मानधनाचा समान वाटा, आणि तो त्याने कराराने सोडून दिला तरी तो करार निरर्थक. वारसांना किंवा हक्कसंस्थेलाच काय तो देता येईल. १९७७ च्या निकालाची धार यामुळे बोथट झाली. पण नीट वाचा : बदलला तो पैशाचा वाटा. गाणं कुठे वाजवायचं, कुठे चढवायचं याची परवानगी देण्याचा अधिकार बहुतेक करारांत कंपनीकडेच राहिला. म्हणून चाहत्याच्या दृष्टीने २०१२ नंतरही ‘त्यांनी हो म्हटलंय’ याचा उपयोग तेवढाच, म्हणजे भावनिक.

परदेशात ही भांडणं आधी पेटली. १९९७ मध्ये एका ब्रिटिश रॉक बँडच्या बाजूने चाहत्यांच्या संकेतस्थळांना गीतांचे शब्द, फोटो आणि आवाजाचे तुकडे काढायला सांगितलं गेलं. २००० च्या अखेरीस हॅरी पॉटरवर पानं चालवणाऱ्या शाळकरी पोरांना चित्रपट कंपनीची पत्रं गेली. त्यात इंग्लंडातली एक पंधरा वर्षांची मुलगी होती. पोरांनी बहिष्काराची हाक दिली आणि कंपनीला २००१ मध्ये माघार घ्यावी लागली. त्याच मालिकेवरचा एक चाहता-कोश संकेतस्थळावर होता तोवर लेखिकेने कौतुक केलं, पुस्तकरूपात निघायची वेळ आली तेव्हा २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात तिची बाजू जिंकली. भरपाई मिळाली ती किमान दराने, एकूण ६,७५० डॉलर. जगप्रसिद्ध गायकाच्या नावाचं डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, दुसऱ्याच कुणी घेतलं तर काय, या प्रश्नावर २००१ च्या एका लवादाने पत्ता घेणाऱ्याच्या बाजूने कौल दिला होता आणि त्याच सुमारास एका अभिनेत्रीच्या बाबतीत दुसऱ्याने नेमका उलटा. या सगळ्यातून आपल्याकडच्या चाहत्यांनी उचललं काय, तर ‘फेअर यूज’ (रास्त वापराची अमेरिकी सवलत) हा शब्द. व्हिडिओखाली ‘हक्क मूळ मालकांचे, भंग करण्याचा हेतू नाही’ असं लिहिलं की सुटलो, ही समजूत तिकडून आली. आपल्या कायद्यात तो शब्द नाही. आपल्याकडे कलम ५२ आहे : खासगी वापर आणि संशोधन, टीका आणि परीक्षण, चालू घडामोडींचं वार्तांकन. कौतुक या यादीत नाही. अख्खं गाणं चढवून खाली ‘काय आवाज आहे!’ लिहिणं म्हणजे परीक्षण, असं मानायला न्यायालय सहसा तयार होणार नाही.

आपल्याकडे कंपन्यांचा रोख चाहत्यांपेक्षा गाणी चोरून वाटणाऱ्या चाच्यांवर होता, हे मान्य करायला हवं. २०१२ च्या सुरुवातीला कलकत्ता उच्च न्यायालयाच्या आदेशांनी इंटरनेट पुरवठादारांना १०४ संगीत संकेतस्थळं बंद करायला लावली. त्याआधी जुलै २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने लोकांनी चढवलेल्या गाण्यांसाठी तो ऑनलाइन मंच चालवणाऱ्यालाच जबाबदार धरलं होतं. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने ते फिरवलं : आपल्याकडे कुठेतरी चोरीचा माल असेल अशी मोघम कल्पना पुरेशी नाही, नेमकं कुठलं गाणं हे मंचाला कळवलेलं असलं पाहिजे. मधल्या काळात २०१२ ची दुरुस्ती आणि २०१३ चे नियम आले होते. तक्रार आली की मंचाने ३६ तासांत मजकूर थांबवायचा. तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो.

हे २१ दिवस चाहत्यांच्या बाजूचं खरं हत्यार होतं. त्याचा उपयोग जवळपास कुणी केला नाही. एक तर ठाऊक नव्हतं. दुसरं म्हणजे कलम ६३ ची भीती : सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितल्यावर नोटिशींच्या भाषेला आणखी जोर चढला. त्याच कलमाखाली एक परंतुक आहे, व्यापारी लाभासाठी नसलेल्या भंगाला न्यायालय कारणं नोंदवून किमान शिक्षेपेक्षा कमी शिक्षा देऊ शकतं. नोटिशीत हे परंतुक उद्धृत केलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

पुढे संकेतस्थळंच उरली नाहीत. जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट २०१४ मध्ये. चाहते यूट्यूबवर आणि फेसबुकवर गेले आणि वकिलाच्या पत्राची जागा यंत्राने घेतली. यूट्यूबने २००७ मध्ये आणलेली ओळख-यंत्रणा कंपनीने दिलेल्या नमुन्याशी चढवलेला आवाज ताडून पाहते आणि दावा लावते. दावा म्हणजे सहसा जाहिरातीचे पैसे तिकडे. स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाचा शेरा, वेगळा, ९० दिवसांत तीन झाले की चॅनल जाऊ शकतो. आपल्या जिल्ह्यात याचा चटका बसतो तो फॅन-पानांइतकाच भजनी मंडळांना. मंगळवेढ्याच्या चोखोबांचा अभंग कुणाच्याच मालकीचा नाही. पण तो ज्या चालीत आपल्या कानात बसलाय ती चाल गेल्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असते, आणि मागे वाजणारा ठेका कॅसेटीतला असेल तर ध्वनिमुद्रण कंपनीचं. मंडळाचे बुवा म्हणतात अभंग संतांचा, यंत्र म्हणतं चाल आमची. दोघंही आपापल्या जागी बरोबर. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू नटांच्या नावाने पानं चालवणाऱ्या पोरांचं यापेक्षा सोपं असतं. तिथे सगळंच कंपनीचं, त्यामुळे वाद नाही, फक्त व्हिडिओ जातो आणि दुसऱ्या नावाने परत येतो.

अलीकडे गाडी पुन्हा कलाकाराकडे वळली आहे, पण वेगळ्या रस्त्याने. २०२२ पासून दिल्ली उच्च न्यायालयाने एकेका अभिनेत्याच्या नाव, चेहरा आणि आवाजाला संरक्षण देणारे आदेश दिले. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका पार्श्वगायकाच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल रोखली. हा कॉपीराइट नव्हे, व्यक्तिमत्त्वाचा हक्क. दिल्लीच्याच न्यायालयाने २०१० मध्ये एका गायकाच्या बाहुल्यांच्या खटल्यात विडंबन, व्यंगचित्र यांना मोकळीक राहिली पाहिजे, असं सांगून ठेवलं होतं. त्यामुळे चाहत्याने चित्र काढलं किंवा नक्कल केली म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. त्या नावाने टीशर्ट विकायला सुरुवात केली तर आहे. आणि इथे मात्र खुद्द कलाकाराने ‘हो’ म्हटलं, तर त्या शब्दाला कायद्यात वजन आहे. वीस वर्षांपूर्वी आमच्याकडे जो होकार होता, तो या खात्यातला होता. आम्ही तो दुसऱ्याच खिडकीवर नेऊन दाखवत होतो.

त्या अकरापैकी तीन गाण्यांच्या तबकड्या १९६४ च्या आधीच्या आहेत. तेवढी ध्वनिमुद्रणं आता मोकळी. त्यातल्या एकाचे शब्द कुणाचे, हे कॅसेटीच्या खोक्यावर छापलेलंच नाही.