लग्न कळवणं वेगळं, जोडीदाराला सोबत नेणं वेगळं

तुळशीचं लग्न झालं की कोल्हापुरात हॉल मिळत नाहीत, आणि त्याच दिवसांत माझ्याकडं एक ठरलेला प्रश्न येतो. मुलाचं कॅनडाच्या पीआरचं, म्हणजे तिथं कायमचं राहायच्या परवान्याचं, काम शेवटच्या टप्प्यात असतं, इकडं स्थळ पक्कं झालेलं असतं, आणि घरातलं कुणीतरी विचारतं, "लग्न उरकून घेतो, पण तिचं नाव आत्ता घालत नाही. आधी तो जाऊ दे, मग तिला बोलवून घेईल. चालतंय न्हवं?"

चालत नाही. मी पैसे घेऊन सल्ला देणारा माणूस नाही. माझ्या मावसभावाचा संसार या एका गैरसमजापायी दोन वर्षं अडकून पडला, तेव्हापासून हे सांगत आलोय.

एक्स्प्रेस एन्ट्री (गुणांवर पीआर मिळवायची पद्धत), आयटीए (अर्ज करायचं निमंत्रण), सीओपीआर (पीआर मंजूर झाल्याचा कागद) हे शब्द कानावर आले असतील असं धरतो. अडतं ते पुढं. "नाव घालणं" या दोन शब्दांत आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधतो. एक म्हणजे आयआरसीसीला, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याला, लग्न झाल्याचं कळवणं. दुसरी म्हणजे त्याच फाइलवर जोडीदाराला सोबत घेऊन जाणं. सोबत नेणं तुमच्या मर्जीवर आहे. कळवणं मर्जीवर नाही.

अर्जात कुटुंबातल्या प्रत्येकापुढं विचारलेलंच असतं की ही व्यक्ती सोबत येणार आहे की नाही. "येणार नाही" असं उत्तर बिनदिक्कत देता येतं. बायकोची नोकरी इथं आहे, सासूबाईंचं ऑपरेशन आहे, काहीही कारण असू दे. पण सोबत येणार नसली तरी तिची माहिती द्यावी लागते, तिची मेडिकल होते, पोलिसांचा दाखला लागतो. बऱ्याच जणांना हे पटत नाही. "ती येणारच नाही तर तिची तपासणी कशाला?" याचं उत्तर म्हणजेच सगळा मुद्दा आहे: आज तपासणी झाली म्हणून उद्या तिला स्पॉन्सर करता येतं, म्हणजे कुटुंबातली म्हणून बोलवून घेता येतं. नाव दिलं नाही आणि तपासणी झाली नाही, तर कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीतल्या नियम 117 मधलं 9 ड लागू होतं आणि तुमच्या स्पॉन्सरशिपपुरती ती तुमच्या कुटुंबातली धरलीच जात नाही. या बंदीला मुदत नाही. पाच वर्षांनी उठत नाही, तुम्ही तिकडचे नागरिक झालात तरी उठत नाही. मुद्दाम लपवलं की चुकून राहिलं, हेही तिथं बघत नाहीत. मुद्दाम लपवल्याचं ठरलं तर ते प्रकरण आणखी निराळं: खोटी माहिती दिल्याबद्दल तिकडच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम 40, आणि त्यात पीआर जाऊन पाच वर्षं प्रवेशबंदी होऊ शकते.

मावसभावाला एका एजंटनं सांगितलं होतं, "सिंगलच ठेवा, नाहीतर पॉइंट कमी होतील." लग्न झालं आणि तीन आठवड्यांनी तो 2017 मध्ये तिकडं उतरला. वर्षभरानं वहिनीसाठी अर्ज केला. त्या अर्जात लग्नाची तारीख, ठिकाण, फोटो सगळं त्यानं स्वतःच्या हातानं भरलं. अधिकाऱ्यानं फक्त लग्नाची तारीख आणि पीआरची तारीख शेजारी शेजारी ठेवली. नकाराचं पत्र वहिनींनी मंगळवार पेठेतल्या घरात, सोप्यावर बसून माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग विचारलं, "भावजी, म्हणजे मी ह्यांची बायकोच न्हाई व्हय?" त्या वाक्यापुढं मला काही बोलता आलं नाही.

आणि ती पॉइंटांची भीतीसुद्धा खोटी होती. जोडीदार सोबत येणार नसेल तर सीआरएसचे, म्हणजे एक्स्प्रेस एन्ट्रीतल्या क्रमवारीचे, गुण एकट्या माणसासारखेच मोजतात, मूळ घटकांना 500 पैकी. सोबत येणार असेल तर तुमचे 460 पैकी आणि जोडीदाराचे 40 पैकी. म्हणजे गुण वाचवायला लग्न लपवायची गरज कधीच नव्हती, "सोबत येणार नाही" एवढं खरं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. ज्यांना बँकेतली शिल्लक दाखवावी लागते त्यांना मात्र माणूस वाढला तशी रक्कम वाढते, जोडीदार मागं राहणार असला तरी.

आता कळवायचं कधीपर्यंत? इथं दुसरी मोठी चूक होते. लोक म्हणतात, अर्ज भरला तेव्हा अविवाहित होतो, तेव्हा तेच खरं होतं, मग कळवायचं काय राहिलं? व्हिसा आला, सीओपीआरचा कागद हातात पडला, म्हणजे फाइल बंद झाली असं वाटतं. फाइल तेव्हा उघडीच असते. तिकडच्या फेडरल कोर्ट ऑफ अपीलनं 2006 मध्येच स्पष्ट केलंय की अर्जाची वेळ म्हणजे अर्ज दिल्यापासून पीआर मिळेपर्यंतचा सगळा काळ. विमानतळावरच्या अधिकाऱ्यालाही व्हिसा मिळाल्यानंतर झालेलं लग्न सांगावं लागतं, तसा नियमच आहे. जे आधीपासून वर्क परमिटवर तिकडं आहेत त्यांचं लँडिंग, म्हणजे पीआर पक्का होण्याची शेवटची पायरी, हल्ली घरबसल्या पोर्टलवर होतं. समोर विचारणारा कुणी नसतो, म्हणून तिथं जास्त जपावं लागतं.

सीओपीआर हातात आणि लग्न झालेलं, असं असेल तर विमानात बसू नका. आयआरसीसीच्या वेब फॉर्मवर अर्ज क्रमांक घालून लग्नाची तारीख कळवा, दाखला जोडा, जोडीदाराचे फॉर्म आणि मेडिकलच्या सूचना येईपर्यंत थांबा. यात महिने जातात, सीओपीआरची मुदत संपून नवा घ्यावा लागू शकतो. जाऊ देत. माझं स्वतःचं मत विचाराल तर लग्नाची तारीखच लँडिंगनंतरची धरा. साखरपुडा खुशाल करा, साखरपुड्यानं कुणी नवराबायको होत नाही. मात्र दोघं वर्षभर नवराबायकोसारखे एकत्र राहत असतील तर कॅनडा त्यांनाही कुटुंबच धरतो. पीआर झाल्यावर रजा काढून या, थाटात लग्न करा, परत जाऊन स्पॉन्सर करा. त्यात काही लपवायचं उरत नाही.

"विधी झालाय, पण नोंदणी कुठं झालीय अजून?" हेही ऐकतो. हिंदू विवाह कायदा 1955 चा आहे, आणि त्यात नोंदणी नाही म्हणून विवाह अवैध होत नाही. सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न झालं. महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर दोन तारखा असतात, विवाहाची आणि नोंदणीची. कॅनडाला पहिली हवी असते. नोंदणी लांबवून तारीख लांबत नाही, आणि दुसरी तारीख घालून पुन्हा "कागदावरचं लग्न" करायला सांगणाऱ्याच्या दारात उभं राहू नका. पत्रिका आणि फोटो घराघरांत असतात.

अमेरिकेतल्या नातेवाइकांचा सल्ला कॅनडाच्या फाइलला लावू नका. तिथं ग्रीन कार्डधारक आईवडिलांनी अविवाहित मुलासाठी केलेला अर्ज त्या मुलानं लग्न केलं की रद्दच होतो, कळवून वाचत नाही. तो खेळ वेगळा आहे.

ज्यांच्या हातून चूक होऊन गेली आहे त्यांच्यासाठी: 9 सप्टेंबर 2019 पासून आयआरसीसीनं न कळवलेल्या जोडीदारासाठी आणि मुलांसाठी एक तात्पुरती सवलत सुरू केली आणि पुढं तिची मुदत वाढवली. पण ती निर्वासित म्हणून गेलेल्यांसाठी आणि स्वतः जोडीदार किंवा मूल म्हणून स्पॉन्सर होऊन गेलेल्यांसाठीच, एक्स्प्रेस एन्ट्रीतून गेलेल्यांसाठी नाही; शिवाय अट अशी की तेव्हा खरं सांगितलं असतं तरी तुमचा पीआर झालाच असता. ती चालू आहे का हे अर्ज करण्याआधी आयआरसीसीच्याच संकेतस्थळावर बघा. ती लागू नसेल तर माणुसकीच्या कारणांवर, कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम 25 खाली, विनंती करता येते, पण तिथं हक्क नसतो, अधिकाऱ्याचा निर्णय असतो. वहिनी अशाच विनंतीवर गेल्या. जायच्या आदल्या दिवशी अंबाबाईचं दर्शन घेऊन आल्या आणि ते नकाराचं पत्र माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "हे तुमच्याकडंच राहू द्या, कुणी विचारायला आलं तर दाखवा." अजून दाखवतो.