थंडी मोजणारा कंद

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. पूजेला पाच झाडांच्या डहाळ्या लागतात म्हणून शेजारच्या काकू आमच्या गच्चीवर आल्या आणि एका कुंडीपाशी थबकल्या.

"काय गं, लसूण लावलास होय?"

कुंडीत तीन हिरवी टोकं वर आली होती. बोटाच्या पेराएवढी, चपटी, शेंड्याला किंचित पांढुरकी आणि बोथट. लसणीसारखी दिसत होती हे खरंच.

"नर्गिस आहे ते, काकू, फुलझाड. हात लावा, पण फोडणीला नका नेऊ."

हे मी गमतीत म्हटलं नव्हतं. नर्गिसच्या कंदात लायकोरीन नावाचं अल्कलॉइड असतं. कांदा समजून तो कुणी खाल्ला तर उलट्या सुरू होतात. म्हणून आमच्याकडे हे कंद कांद्याबटाट्याच्या टोपलीपासून लांब, नाव लिहिलेल्या कापडी पिशवीत असतात. तुमच्याकडे असतील तर तुम्हीही तसेच ठेवा.

काकूंनी पुढे विचारलं, "थंडीत बाकी झाडं मुकाट बसतात, मग यालाच कसे कोंब फुटले?" उत्तर द्यायला मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि एक कांदा उभा चिरला.

तुम्हीही चिरून बघा. बुडाशी एक कडक चकती दिसते, जी आपण काढून टाकतो. ती चकती म्हणजे या झाडाचं खोड, सगळं दाबून अर्ध्या बोटाच्या जाडीत बसवलेलं. तिच्यावर एकात एक बसलेले पापुद्रे म्हणजे पानांचे फुगलेले तळ, अन्न साठवलेले. आणि मधोमध पिवळसर हिरवा, मिटलेला कोंब. माती नाही, पाणी नाही, तरी तो तिथे तयार आहे. नर्गिस, ट्यूलिप, निशिगंध यांच्या कंदांची घडण साधारण अशीच असते. आमच्या इंदूरच्या सराफा बाजारात थंडीत तळून मिळतो त्या गराडूलाही आपण कंदच म्हणतो, पण तो आतून सगळा पिठूळ, पानांचा पत्ता नाही. मराठीत कंद हा एकच शब्द दोघांना पुरतो. वनस्पतिशास्त्रात कांद्यासारख्या पापुद्र्यांच्या कंदाला शल्ककंद म्हणतात.

मला सर्वांत नवल वाटतं ते यापुढच्या गोष्टीचं. नर्गिसच्या कंदात नुसती पानंच नसतात, फूलही असतं. उन्हाळ्यात पानं वाळून गेली की कंद मेल्यासारखा दिसतो. त्याच काळात, 25 ते 30 अंशांच्या उबेत, आत फुलाच्या कळीचे सूक्ष्म अवयव घडत असतात. आपण कार्तिकात कुंडीत लावतो तेव्हा फूल आत घडून बसलेलं असतं. माती थोडी गार झाली, पाणी मिळालं, की ते वर यायला निघतं. इंदूरची थंडी त्याला पुरते. आमच्याकडे लोकमान्य नगरात गच्चीवरच्या साध्या कुंडीत तो दर वर्षी फुलतो.

ट्यूलिपचं मात्र तसं नाही, आणि हे मी पदरमोड करून शिकले. दोन वर्षांपूर्वी हौसेने सहा कंद आणले आणि थेट मातीत लावले. जानेवारीत दोन-दोन रुंद पानं आली, त्यांच्या बेचक्यात हिरवट कळीही दिसली. पण देठ वाढलाच नाही. कळी पानांच्या मिठीतच वाळली. मी खत दिलं, जागा बदलली, पाणी कमी केलं, कशाचाही उपयोग झाला नाही.

चूक मातीत नव्हती, आकड्यात होती. ट्यूलिपचं फूलही उन्हाळ्यातच आत घडतं, पण त्याचा देठ लांबायला सुमारे 12 ते 16 आठवडे सलग थंडी लागते, साधारण 9 अंशांच्या खालची. इंदूरला जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या आसपास उतरतो आणि आपण स्वेटर-कानटोपी चढवतो. पण दुपारी तोच 26-27 वर जातो. रात्र आणि दिवस मिळून कुंडीतल्या कंदाला सरासरी 18 अंश मिळतात. आपल्याला ती थंडी वाटते, ट्यूलिपला वाटत नाही.

याचं कारण त्याच्या माहेरी आहे. रानटी ट्यूलिप मध्य आशियातले, तिएनशान आणि पामीरच्या उतारांवरचे. तिथे पावसाळी शरद ऋतूत चार दिवस ऊब आली म्हणून जो कंद वर येईल, तो पुढच्या बर्फात मरेल. टिकले ते पूर्ण हिवाळा सरल्याची खात्री होईपर्यंत थांबणारे. या थांबण्याच्या काळात कंदातल्या पिष्टाची साखर होत जाते आणि देठाच्या पेशी वाढीच्या संप्रेरकांना प्रतिसाद द्यायला तयार होतात. पिष्टाची साखर होताना तुम्ही घरीही पाहिली आहे. फ्रिजमध्ये बरेच दिवस राहिलेला बटाटा गोडसर लागतो आणि त्याचे काप तळताना लवकर काळपटतात, ते यामुळेच.

कुठल्या टप्प्याला किती तापमान लागतं, हे 1920 च्या दशकात नेदरलँड्समध्ये वाखेनिंगनला ब्लाऊ या शास्त्रज्ञाने हायसिंथ आणि ट्यूलिपवर वर्षानुवर्षं प्रयोग करून शोधलं. आज दिल्लीत शांतिपथावर फेब्रुवारीत ट्यूलिप दिसतात ते आधीच थंडी देऊन तयार केलेल्या, नेदरलँड्सहून आणलेल्या कंदांचे. श्रीनगरला झबरवान डोंगरांच्या पायथ्याशी 2007 साली सुरू झालेल्या बागेत हे काम हिवाळा स्वतःच करतो.

इथे एक गल्लत नेहमी होते. गव्हाच्या थंड देशांतल्या जातींना थंडी मिळाल्याशिवाय ओंबीच धरत नाही. 1918 साली गास्नर या जर्मन शास्त्रज्ञाने राय या धान्यावर हे नीट मांडलं. याला वासंतीकरण म्हणतात. त्यात थंडीमुळे फूल *घडायचं* ठरतं. ट्यूलिपमध्ये फूल घडून गेलेलं असतं, थंडी त्याला *वर काढते*. दोन्हीकडे हिवाळा मोजला जातो, पण मोजून झाल्यावर होणारं काम वेगळं. वासंतीकरण बघायचं तर कांद्याच्या शेतात जा. रोप पुरेसं मोठं झालं असताना काही आठवडे चांगली थंडी पडली, की कांदा पोसायचं सोडून डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, काढतो आणि शेतकरी कपाळाला हात लावतो.

आता पुन्हा त्या बोथट शेंड्यांकडे. इतकं कोवळं पान घट्ट माती फोडून वर येतं कसं? नर्गिसच्या पानाची वाढ टोकाला होत नाही, बुडाशी होते. टोक हा पानाचा सर्वांत जुना, टणक झालेला भाग, आणि कोवळा भाग त्याच्यामागे कंदात सुरक्षित राहून त्याला वर ढकलत असतो. पटत नसेल तर पेनाने पानावर सारख्या अंतरावर चार बारीक रेघा मारा. आठवड्याने बघा. रेघांमधलं अंतर जवळजवळ तेवढंच, पण सगळ्यात खालची रेघ मातीपासून बरीच वर गेलेली. लसणीच्या पातीवरही हे दिसेल. खाली मुळंही कामाला असतात. नर्गिसची काही मुळं वाढून झाल्यावर आखडतात आणि कंदाला हळूहळू खोल ओढून घेतात.

मातीचं एकच सांगते. मालव्याची काळी माती पाणी धरून ठेवते आणि तिच्यात कंद कुजतो. मी ती निम्म्याहून कमी घेते, बाकी वाळू आणि कंपोस्ट. कंपोस्टची ती थरावर थर रचायची रीत जगभर "इंदूर पद्धत" म्हणून ओळखली जाते, कारण अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने 1924 पासून इथल्याच संस्थेत शेतातला काडीकचरा आणि शेण घेऊन ती बसवली आणि 1931 साली पुस्तकात मांडली. आपल्या गावाचं नाव खतामुळे जगभर गेलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

यंदा ट्यूलिपचे कंद मी नवरात्रातच कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवले. सफरचंदं आणि केळी तिथून हलवली, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू आतली कळी मारतो. संक्रांतीपर्यंत चौदा आठवडे भरतील, मग लावायचे. काकू गेल्यावर पिशवी उघडून पाहिली. सहापैकी चार कंदांच्या बुडाच्या कडेने, तपकिरी सालीखाली, मुळांचे पांढरे टपोरे ठिपके उठले होते. पिशवी तशीच दुमडून परत ठेवली.