आगीची परीक्षा लॅबमधल्या माणसानेही द्यावी

लॅबमध्ये विद्रावक म्हणून वापरलं जाणारं डायएथिल ईथर ३४.६ अंश सेल्सियसला उकळतं. मे महिन्यातल्या दुपारी सांताक्रूझचा पारा कधीकधी इथवर चढतो. म्हणजे ईथरची बाटली उघडी राहिली, तर बर्नर न पेटवताही ते भराभर उडून जातं. उडून ते जातं कुठे, हे ठाऊक असायला हवं. ईथरची वाफ हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असते. ती टेबलावरून सरपटत जाते, कडेवरून खाली उतरते आणि काही फुटांवर कुणाचा बर्नर चालू असेल तर तिथे पेट घेते. मग ज्योत त्याच वाटेने उलट धावत बाटलीपर्यंत येते. ईथर हाताळणाऱ्या मुलीने स्वतःचा बर्नर आठवणीने विझवलेला असतो. पलीकडच्या टेबलावरचा तिच्या हिशेबात नसतो. तो हिशेब ठेवणारा एक माणूस प्रत्येक लॅबमध्ये असावा आणि त्याला तो जमतो की नाही, हे कुणीतरी तपासलेलं असावं.

न्यूयॉर्कमध्ये ते तपासतात. तिथलं अग्निशमन दल रासायनिक प्रयोगशाळांवर देखरेख करणाऱ्यांना ‘सी-१४’ नावाचं प्रमाणपत्र देतं. ते मिळतं व्यक्तीला, परीक्षा घेऊन आणि ठरावीक मुदतीपुरतं. महाविद्यालयांच्या लॅबही त्यात येतात.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्यानुसार दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून ‘फॉर्म बी’ घ्यावा लागतो. इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत आहे, असं त्यात प्रमाणित केलेलं असतं. हे गरजेचंच आहे. पण या फॉर्मने पंप आणि आग विझवायचे सिलिंडर तपासले जातात, प्रॅक्टिकलच्या वेळी लॅबमध्ये उभा असलेला माणूस नाही. शिकायला जागा मुंबईतच आहेत. मुंबई विद्यापीठाच्या विद्यानगरीला लागून राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्र आहे, शीवला केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक सुरक्षेची पदविका मिळते. मात्र हे मोठे अभ्यासक्रम अग्निशमन दलात किंवा कारखान्यात जाणाऱ्यांसाठी आखलेले आहेत. लॅब असिस्टंट, किंवा विद्यार्थी ज्यांना ‘मामा’ म्हणतात ते अटेंडंट, महिनोन्‌महिने तिकडे कसे जाणार?

त्यांना नेमकं काय यायला हवं? सर्वांत आधी प्रज्वलनांक. ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेटण्याइतकी साचते, ते हे तापमान. इथेनॉलचा प्रज्वलनांक साधारण १३ अंश, ॲसिटोनचा उणे २०, ईथरचा उणे ४५. मुंबईतल्या लॅबमध्ये तापमान १३ अंशांच्या खाली जातच नाही, म्हणून स्पिरिट, म्हणजे मुख्यतः इथेनॉलच, आपल्याकडे वर्षभर पेटायला तयारच असतं. त्याची ज्योत फिकट निळी, उजेडात जेमतेम दिसणारी. दिवा विझला असं समजून त्यात वरून स्पिरिट ओतलं की ज्योत थेट हातातल्या बाटलीत शिरू शकते.

ईथरच्या उणे ४५ मधून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती फार कमी जणांच्या लक्षात येते. घरगुती फ्रीजचा फ्रीझर साधारण उणे १८ अंशांचा असतो. तिथेसुद्धा ईथरची वाफ पेटण्याइतकी तयार होते. फ्रीजच्या बंद कप्प्यात ती साचत राहते, आणि आतल्या थर्मोस्टॅटची किंवा दिव्याच्या बटणाची बारीकशी ठिणगी स्फोटाला पुरते. साध्या फ्रीजमध्ये ईथर ठेवू नये ते यासाठी. आत ठिणगी पडणार नाही अशा बनावटीचे फ्रीज वेगळे मिळतात.

सोडियमची गोष्ट निराळी. सेंद्रिय पदार्थात नायट्रोजन, गंधक वगैरे मूलद्रव्यं आहेत का, हे पाहणाऱ्या लासेनच्या परीक्षेसाठी त्याचे वाटाण्याएवढे तुकडे कापले जातात. पेटलेल्या सोडियमवर पाणी घातलं की हायड्रोजन निर्माण होतो आणि आग भडकते. कार्बन डायऑक्साइडचाही उपयोग नाही, कारण जळतं सोडियम त्यातला ऑक्सिजन ओढून घेतं. नेहमीच्या सिलिंडरमधली एबीसी पावडरही धातूच्या आगीसाठी नसते. तिथे कोरडं मीठ, सोडा ॲश किंवा कोरडी वाळू लागते. कोरडी या शब्दावर माझा भर आहे. जुलैच्या मुंबईत उघड्या लाल बादलीतली वाळू ओलसर होते, आणि ओली वाळू म्हणजे पुन्हा पाणीच. ती झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि पावसाळ्यात हाताने चाचपून पाहावी.

आगीचे वर्ग आणि त्यांवर चालणारे सिलिंडर सांगणारा भिंतीवरचा तक्ताही एकदा नीट वाचावा. भारतीय मानकात ‘सी’ वर्गाची आग म्हणजे वायूची. अमेरिकी तक्त्यात ‘सी’ म्हणजे विजेची. इंटरनेटवरून उतरवलेला तक्ता लॅबमध्ये चिकटवला तर ऐनवेळी गोंधळ ठरलेला.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल, तर २००९ चा डिसेंबर आठवावा. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला आग लागली आणि दोन तरुण संशोधक गेले. लॅबमधली आग फार वेळ देत नाही. छोटं कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर जेमतेम दहा-पंधरा सेकंदांत रिकामं होतं. नळी कुठे रोखायची हे तेव्हा वाचत बसता येत नाही.

म्हणून मुंबईतल्या महाविद्यालयांसाठी अग्निशमन दलाने आणि विद्यापीठाने मिळून एक छोटी परीक्षा सुरू करावी, असं मला मनापासून वाटतं. ती लॅबमध्येच, तोंडी आणि मराठीतूनही व्हावी, म्हणजे अटेंडंटना ती मोकळेपणाने देता येईल. मुख्य गॅस कॉक दाखवा. एप्रन पेटलेल्या मुलाला धावू न देता जमिनीवर कसं लोळवाल, करून दाखवा. हे सिलिंडर कुठल्या आगीवर चालणार नाही, सांगा. उत्तीर्ण झालेल्याचं नाव लॅबच्या दारावर लावावं. असा माणूस रजेवर असेल त्या दिवशी ईथरचं प्रॅक्टिकल पुढे ढकलून ज्वालाग्राही द्रव न लागणारं टायट्रेशन घ्यावं.