किलोमीटर कमी, गाळ जास्त

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीतली जुनी गाडी विकायला निघाली की ‘फक्त स्टेशनपर्यंतच वापरलीय’ असं कौतुकानं सांगितलं जातं. खरेदी करणाऱ्यानं हे ऐकून सावध व्हावं. असा वापर इंजिन ऑइलला सगळ्यात वाईट.

इंजिनातला चिकट काळा गाळ ही बाहेरची धूळ नसते, तो आतच तयार होतो. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळताना थोडा वायू पिस्टनच्या रिंगांजवळून निसटून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो. त्यात अर्धवट जळलेलं पेट्रोल, काजळी, नायट्रोजनची ऑक्साइडं असतात आणि पाण्याची वाफही. या पाण्याचा दोष उगाच आपल्या पावसाळ्यावर येतो. एक लिटर पेट्रोल जळलं की अंदाजे एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक सगळं सायलेन्सरमधून वाफ होऊन निघून जातं. चेंबरमध्ये उतरलेला अंश मात्र ऑइल चांगलं तापेपर्यंत हलत नाही. आणि डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापलं असं नव्हे. तो काटा कूलंटचा. ऑइल बऱ्याच उशिरा तापतं, आणि तोवर स्टेशन आलेलं असतं.

ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट, फेसाळ थर दिसतो तो या पाण्याचा. (कूलंटही कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील, तपासून घ्या.) काळ्या गाळाचं रसायन वेगळं. नायट्रोजनची ऑक्साइडं आणि अर्धवट जळलेलं इंधन ऑइलशी संयोग पावतात, रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांबत जातात आणि ऑइल घट्ट होतं. उष्णता त्यात भर घालते: तापमान दर १० अंशांनी वाढलं की ऑक्सिडेशनचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. तापलेल्या धातूवर बसणारा तपकिरी थर स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनवरच्या चिकट थरासारखाच, पुसून न निघणारा.

हे सगळं रोखायला ऑइलमध्ये डिटर्जंट आणि डिस्पर्संट मिसळलेले असतात. डिस्पर्संट काजळीचे कण सुटे ठेवतो, म्हणून ऑइल काळं पडणं हे बऱ्याचदा ते काम करत असल्याचं लक्षण. उलट सीएनजीवर काजळी फार कमी, त्यामुळे ऑइल स्वच्छ दिसतं. नायट्रोजनची ऑक्साइडं मात्र आपलं काम करतच असतात. रंगावर विसंबू नये. ऑइलमधले डिटर्जंट आणि डिस्पर्संट संपले की कण गोळा होतात आणि चेंबरमधल्या ऑइल पंपाच्या जाळीवर बसतात. मग ऑइलचा दाब घटतो आणि सगळ्यात दूरच्या कॅमशाफ्टला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला, ऑइल पुरत नाही.

किलोमीटर इथं फसवतात. १०,००० किलोमीटर ताशी ६० च्या सरासरीनं गेलात तर इंजिन सुमारे १६७ तास चालतं; माजिवडा, कापूरबावडीच्या कोंडीत सरासरी १५ पडली तर ६६७ तास. ऑइल तेच, काम चौपट. ऑइल गाळ किती रोखतं हे पाहणारी सिक्वेन्स व्ही-एच ही प्रयोगशाळेतली चाचणीही इंजिन सुसाट पळवत नाही. अशाच थांबत-रखडत होणाऱ्या शहरी वापराची नक्कल करत ते २१६ तास चालवते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ‘कठीण वापर’ असा वेगळा तक्ता बहुधा असतो. ठाणेकरांनी तोच बघावा, आणि गाडी कमी फिरली तरी वर्षातून एकदा ऑइल बदलावं.

गाळ आधीच साचला असेल तर गॅरेजमध्ये ‘फ्लश मारून घ्या’, म्हणजे गाळ सोडवणारं रसायन घालून इंजिन आतून धुऊन घ्या, म्हणतील. थोड्या गाळाला ते चालतं. जाड थर असेल तर सुटलेले तुकडे नेमके त्याच जाळीवर जाऊन अडकू शकतात. त्यापेक्षा चेंबर उतरवून जाळी साफ करून घेणं खर्चिक, पण बरं.