फलाटावरचा कॅमेरा आणि इंजिनावरचा कॅमेरा

जुनी आगगाडी पडद्यावर दिसली रे दिसली, की लोक ‘हाच तो ल्युमिएर बंधूंचा (सिनेमाच्या आरंभीच्या फ्रेंच चित्रकर्त्यांचा) चित्रपट’ म्हणून पुढे पाठवतात. फ्रान्समधल्या ला सिओता स्थानकात शिरणारी ती गाडी आपल्या सगळ्यांना पाठ आहे: एकच दृश्य, जेमतेम 50 सेकंदांचं. मुंबईत 7 जुलै 1896 ला वॉटसन हॉटेलातल्या खेळातही गाडी येण्याचं चित्र होतं. मात्र ल्युमिएर बंधूंच्या पॅरिसमधल्या 28 डिसेंबर 1895 च्या पहिल्या जाहीर खेळात ही गाडी नव्हती. गाडी अंगावर येतेय असं वाटून प्रेक्षक घाबरून पळाले, या सांगोवांगीच्या गोष्टीलाही त्या काळचा भक्कम पुरावा नाही.

खरा घोळ होतो तो फँटम राइडशी. या मूकपटांत कॅमेरा चालत्या गाडीवरच बसवलेला असतो, बहुधा इंजिनाच्या पुढे. त्यामुळे गाडी दिसतच नाही. रूळ पोटाखाली ओढले जातात, झाडं दोन्ही बाजूंना फाकतात आणि आपण कशावर बसलोय ते कळत नाही. म्हणून ते नाव: फँटम म्हणजे भूत, राइड म्हणजे सफर. 1897 च्या ‘हॅवरस्ट्रॉ टनेल’मध्ये बोगदा आपल्याला गिळतो, पडदा काळा होतो, मग पलीकडचा उजेड मोठा होत जातो. अशा चित्रांना हल्ली शिटी आणि झुकझुक जोडतात, ते मला अजिबात सहन होत नाही. न दिसणारी गाडी ऐकवायची कशाला?

फलाट दिसला म्हणजे ‘गाडी येते’वालं चित्र, असं मात्र समजू नका. जेरुसलेमहून सुटणाऱ्या गाडीचं 1897 चं ल्युमिएर चित्र बघा. फलाट आहे, उभी माणसं आहेत, कुणी टोपी काढून निरोप देतंय. पण ती सगळी जागच्या जागी उभी राहूनच मागे सरकतात, कारण कॅमेरा गाडीत आहे. ला सिओताला फलाट स्थिर असतो आणि गाडी हलते. एवढंच बघायचं: जमीन हलतेय की गाडी? माझं मत विचाराल तर दोन्हींत जेरुसलेमचं चित्र सरस.

कॅन्सस सिटीच्या अग्निशमन दलाचे माजी प्रमुख जॉर्ज हेल यांनी 1905 च्या सुमारास रेल्वेच्या डब्यासारखी थिएटरं काढली. प्रेक्षक बाकांवर बसत, डबा हलवला जाई आणि समोर फँटम राइड चाले. ला सिओताची गाडी तिथे लावताच आली नसती. डब्यात बसलेल्यांना ती समोरून अंगावर येणारी गाडी वाटली असती.