२,६३६ मिलिमीटरचं भांडण

इटलीच्या आल्फा रोमिओ गाड्यांच्या कट्टर चाहत्याला चिडवायला एक आकडा पुरतो: २,६३६. आल्फाच्या टोनाले या एसयूव्हीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २,६३६ मिलिमीटर आहे. जीप कंपासचाही तेवढाच. (आल्फा मूळची फियाटच्या घरातली, जीप आणि डॉज क्रायस्लरच्या, आणि ही दोन्ही घरं आता एकच.) मग चिडवणारा म्हणतो, ही तर आल्फाचा, मिलानच्या सापाचा बिल्ला लावलेली जीप! तिकडे अमेरिकेत डॉजचे चाहते वेगळ्याच कारणाने वैतागलेले. त्यांची डॉज हॉर्नेट बनत असे नेपल्सजवळच्या पोमिग्लियानो द'आर्को इथे, टोनालेच्या शेजारीच, आणि दारांपासून काचांपर्यंत दिसतेही तशीच. त्यांच्या मते ही डॉजचं नाव घेऊन आलेली आल्फा. एकाच गाडीला दोन्ही घरचे लोक ‘ही आमची नव्हे’ म्हणतात, असा हा प्रकार.

वाद वरवर पोरकट वाटतो, पण त्याच्या मुळाशी एक खरा तांत्रिक प्रश्न आहे. दोन गाड्यांचा प्लॅटफॉर्म एक असतो म्हणजे नक्की काय एक असतं?

पूर्वी याचं उत्तर बोट दाखवून देता यायचं. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९५०च्या दशकात अमेरिकी आणि इटालियन अशा दोन्ही वंशांच्या गाड्या जुळवल्या जात. क्रायस्लरच्या परवान्यावरच्या डॉज-प्लिमथ एकीकडे, फियाट ११०० दुसरीकडे. (या ११०० ची पुढची पिढी म्हणजे मुंबईकरांची लाडकी पद्मिनी टॅक्सी.) त्या काळच्या अमेरिकी गाडीला खाली पोलादी चौकट असे. इंजिन, चाकं, बॉडी सगळं त्या चौकटीवर बसवलेलं. बॉडी उचलून बाजूला ठेवली तरी चौकट आपल्या चाकांवर उभी. फियाट ११०० मात्र मोनोकॉक होती: तळ, खांब, छत, सगळं एकत्र वेल्ड केलेलं आणि सगळ्यांनी मिळून भार पेललेला. तिची बॉडी काढून ठेवायची म्हटलं तर खाली उरणार काय? एका छपराखाली राहूनही या दोघींना एकमेकींची हाडं वापरता येणं शक्य नव्हतं.

आज जवळपास सगळ्या प्रवासी कार मोनोकॉक आहेत आणि तिथेच गाडीवेड्यांची गल्लत होते. प्लॅटफॉर्म म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर घराचं जोतं येतं. जोतं तयार आहे, त्यावर हवं तसं घर उठवा. मला शिंप्याची वही जास्त जवळची वाटते. शिंपी खांदा, छाती, बाही यांची मापं एकदा टिपून ठेवतो. मग त्याच मापावर सुती झब्बा शिवा नाहीतर लग्नाची शेरवानी. कापड वेगळं, अस्तर वेगळं, शिवण वेगळी, पण खांदा तोच. प्लॅटफॉर्म म्हणजे बऱ्याच अंशी अशी मापं: पुढच्या चाकाच्या मध्यापासून ड्रायव्हरच्या पेडलपर्यंतचं अंतर, सस्पेन्शनचे आर्म (चाकं बॉडीला जोडणाऱ्या दांड्या) जिथे बोल्टने बसतात ते बिंदू, इंजिन आडवं की उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, इंजिन आणि केबिनमधली भिंत कुठे, अपघातात धक्का कोणत्या वाटेने मागे न्यायचा. शिवाय कारखान्यातले यंत्रमानव बॉडी जिथे पकडतात त्या जागा. या जागा बदलल्या की जिग (सुटे भाग धरून ठेवणारे साचे) बदला, डाय (पत्रा दाबायचे साचे) बदला, धडक-चाचण्या पुन्हा करा. खरा खर्च असतो तो इथे. व्हीलबेस ताणणं त्या मानाने सोपं, म्हणून नुसता व्हीलबेस जुळला की प्लॅटफॉर्म जुळला, असं म्हणणं कच्चं. टोनाले-कंपासच्या बाबतीत तर्क बरोबर निघतो, एवढंच.

मापं ताणली की काय होतं याचं उत्तम उदाहरण म्हणजे डॉज डार्ट.

२००९ मध्ये क्रायस्लर दिवाळखोरीत गेली. फियाटला तिच्यात सुरुवातीला २० टक्के हिस्सा मिळाला आणि त्यासाठी रोख एक डॉलरही मोजावा लागला नाही. बदल्यात द्यायचं होतं तंत्रज्ञान, इंजिनं आणि प्लॅटफॉर्म. पुढचा हिस्सा पाच-पाच टक्क्यांनी, तीन अटी पूर्ण झाल्यावर. त्यातली शेवटची अट अशी, की फियाटच्या तंत्रावर अमेरिकेतच एक गाडी बनवायची आणि तिने चाचणीत गॅलनला ४० मैल, म्हणजे लिटरला साधारण १७ किलोमीटर गाठायचे. ती गाडी डार्ट. जानेवारी २०१२ मध्ये अट पुरी झाली आणि फियाटचा हिस्सा, मधल्या काळात विकत घेतलेले समभाग धरून, ५८.५ टक्क्यांवर गेला. मोटारीच्या प्लॅटफॉर्मने कंपनीची मालकी विकत घेतल्याचं इतकं थेट उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

डार्टची मापं आली होती आल्फा रोमिओ जुलिएट्टाकडून. पण जुलिएट्टा युरोपातल्या गल्ल्यांसाठी घडलेली हॅचबॅक आणि डार्ट अमेरिकी कुटुंबाची सेडान. म्हणून व्हीलबेस २,६३४ वरून २,७०३ मिलिमीटर झाला आणि गाडी सुमारे ३० मिलिमीटर रुंद झाली. ‘म्हणजे आल्फाच, जरा सुटलेली,’ असं चाहते म्हणाले. जरा गणित करून पाहू.

गाडीचा तळ दोन टोकांना टेकवलेल्या तुळईसारखा धरा. तुळईचा झोल लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. लांबी अडीच टक्क्यांच्या आसपास वाढली, तर जाडी-आकार तोच ठेवून तेवढ्याच वजनाखाली झोल सुमारे ८ टक्के वाढेल. मग जास्त मजबूत पोलाद वापरायचं का? इथे एक गंमत आहे. जाहिरातीत ज्याचा डंका पिटतात ते उच्च ताकदीचं पोलाद तुटायला, कायमचं वाकायला अवघड असतं हे खरं. पण वाकून पुन्हा सरळ होण्याच्या हद्दीत ते साध्या पोलादाइतकंच वाकतं. ताठरपणा ही पोलादाच्या अणुरचनेची देणगी आहे आणि ती सगळ्या पोलादांत जवळपास सारखी. झोल कमी करायचा तर तुळईचा आकार मोठा करायला हवा, नाहीतर पत्रा जाड. दोन्हींत वजन आलं.

आता रुंदी. वळणावर गाडीचं वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं. किती सरकेल ते वजन, वळणाचा जोर आणि गुरुत्वमध्याची उंची यांचा गुणाकार करून दोन चाकांमधल्या रुंदीने भागलं की कळतं. समजा गाडी १,४०० किलोची, गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर, वळणाचा जोर गुरुत्वाच्या ०.६ पट. रुंदी १.५२ मीटर असेल तर ३०४ किलो भार सरकेल आणि १.५५ मीटर केली तर २९८ किलो. फायदा सहा किलोंचा! आणि हीच गाडी मजबुतीच्या नादात १०० किलोंनी जड झाली, तर वाढीव रुंदीवरही ३१९ किलो सरकतील. थोडक्यात, ही जादा रुंदी बसणाऱ्यांच्या खांद्यांच्या कामाची आहे. वळणावरच्या चपळाईत तिचा वाटा नगण्य.

वजन वाढायला अमेरिकी नियमही कारण होतात. तिथल्या कायद्यात सीटबेल्ट न लावलेल्या पुतळ्यांनिशी धडक-चाचणी घ्यावी लागते. युरोपात बेल्ट गृहीतच धरलेला. त्यामुळे दोन्हीकडच्या एअरबॅगचं आणि डॅशबोर्डच्या खालच्या भागाचं गणित वेगळं. त्यातच २०१२ पासून तिथल्या विमा कंपन्यांच्या संस्थेने एक खवचट चाचणी आणली: ताशी ६४ किलोमीटर वेगात गाडीच्या फक्त पाव रुंदीवर धडक. बोनेटखाली डावी-उजवीकडे दोन जाड लाँगमेंबर असतात आणि समोरच्या धडकेचा मार ते खातात. पाव रुंदीची धडक लाँगमेंबरला चुकवून थेट चाकावर आणि दाराच्या खांबावर येते. ही चाचणी डोळ्यांसमोर न ठेवता आखलेली मापं मग नव्याने ठाकठीक करावी लागतात. एकच प्लॅटफॉर्म अटलांटिकच्या दोन काठांवर दोन वेगळी ओझी वाहतो, ते असं.

डार्ट चालली नाही. २०१६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, त्याच मापांवरची क्रायस्लर २०० देखील त्याच वर्षी संपली. ‘बघा, इटालियन हाडं अमेरिकेला मानवत नाहीत,’ हा निष्कर्ष लगेच निघाला. पण तीच हाडं तिसऱ्या एका गाडीतही होती. ती जीप चेरोकी, आणि २०१५ मध्ये एकट्या अमेरिकेत ती दोन लाखांहून जास्त खपली. हाडं तीच. लोकांना त्या वर्षांत सेडान नको होती, उंच गाडी हवी होती.

चाहत्यांचं सगळंच चुकतं असं मात्र नाही. आल्फा १५९ घ्या. २००० मध्ये फियाट आणि जनरल मोटर्सनी एकमेकांचे समभाग घेऊन मोट बांधली आणि मोठ्या गाड्यांसाठी एक सामाईक प्लॅटफॉर्म आखला. त्यावर साबसारखे इतर ब्रँड येतील असा बेत होता, म्हणून तो भरभक्कम केला. पुढे दोघांचं फाटलं. फेब्रुवारी २००५ मध्ये जनरल मोटर्सनी फियाटला दोन अब्ज डॉलर मोजून सुटका करून घेतली आणि पुढच्याच महिन्यात जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात १५९ झळकली. देखणी, पण जड. जे पाहुणे आलेच नाहीत त्यांच्या पंगतीचा पाट तिला आयुष्यभर वाहावा लागला. ‘गाडी जड वाटते’ ही मालकांची तक्रार मनातली नव्हती, तराजूवर दिसणारी होती.

उलट काही बाबतींत प्लॅटफॉर्मला उगाच बोल लागतो. २०११ मध्ये फियाटच्याच घरातल्या मासेरातीने कुबांग नावाची एसयूव्ही नमुना म्हणून दाखवली. ती जीप ग्रँड चेरोकीच्या हाडांवर डेट्रॉइटमध्ये बनणार होती. चाहत्यांनी नाकं मुरडली. गंमत अशी, की त्या ग्रँड चेरोकीची मापं क्रायस्लर मर्सिडीजच्या मालक डाइमलरच्या घरात नांदत होती त्या काळातली, मर्सिडीजच्या एसयूव्हीसोबत वाटून घेतलेली. म्हणजे नाक मुरडायचं तर मर्सिडीजकडे पाहून मुरडायला हवं होतं! शेवटी बेत फिरला आणि लेवांते २०१६ मध्ये तुरीनच्या मिराफियोरीत, मासेरातीच्या स्वतःच्या सेडानच्या हाडांवर तयार झाली. पण मासेराती गिब्लीत बसल्यावर लोक कशावर चिडले? क्रायस्लरकडून आलेल्या टचस्क्रीनवर आणि बटणांवर. बोटाला लागतं ते बटण, तळाचा पत्रा कुणी पाहिलाय?

चालवताना जे ‘जाणवतं’ तेही बरंचसं मापांच्या वहीबाहेरचं असतं. आर्मच्या टोकांना असलेले रबरी बुश किती कडक, स्प्रिंग किती ताठ, शॉकअपमधलं तेल कुठल्या झडपेतून वाहतं, स्टिअरिंग किती तिखट. टोनालेचं स्टिअरिंग १३.६ अंश फिरवलं की चाक एक अंश वळतं. हे प्रमाण बदलायला प्लॅटफॉर्मला हातही लावावा लागत नाही.

मात्र एक गोष्ट अशी आहे की ती कुठलाही बुश बदलून झाकता येत नाही. रस्त्यावरची गाडी बाजूने पाहा आणि पुढचं चाक दारापासून किती पुढे आहे ते बघा. इंजिन आडवं बसवलेल्या, पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत चाक दाराला जवळजवळ चिकटलेलं असतं. इंजिन उभं आणि मागची चाकं ढकलणारी असतील तर चाक बरंच पुढे सरकतं आणि बोनेट लांब होतं. हे माप वहीच्या पहिल्या पानावरचं. म्हणूनच आल्फाला जूलिया काढताना डार्टची मापं चालली नाहीत. जॉर्जिओ नावाचा नवा प्लॅटफॉर्म कोऱ्या कागदावरून आखावा लागला आणि २०१५ मध्ये जूलिया समोर आली. तिच्याबद्दल ‘ही खरी आल्फा का?’ हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

आता पुन्हा त्या २,६३६ कडे. टोनाले आणि कंपासची मापं ज्या वहीतून आली ती चाळत मागे गेलं, तर लागते २००५ची फियाट ग्रांदे पुंटो, व्हीलबेस २,५१०. तिचीच लांबवलेली बहीण लिनिया, २,६०३. मग रुंद करून, चारही चाकांना ताकद देण्याची सोय करून जीप रेनेगेड, २,५७०. आणि त्यानंतर कंपास. यातल्या तिघी पुणे-नगर रस्त्यावर, महागणपतीच्या रांजणगावात, टाटा-फियाटच्या भागीदारीतल्या कारखान्यात बनल्या आहेत: लिनिया आणि पुंटो २००९ पासून, कंपास २०१७ पासून. तिथली कंपास जपान, ऑस्ट्रेलिया, ब्रिटनलाही गेली.

आणि पुंटोची मापं फियाटने एकट्याने आखलेली नव्हती. ती ओपेलसोबत ठरली होती, त्याच मापांवर ओपेलची कोर्सा निघाली. ओपेल तेव्हा जनरल मोटर्सची. तेव्हा डॉजवाल्यांनी जिला परकी ठरवलं आणि आल्फावाल्यांनी जिला जीप म्हणून हिणवलं, तिच्यात अमेरिकी वाटा अगदी पहिल्या रेघेपासून आहे. फक्त तो डॉजचा किंवा जीपचा नाही, जर्मनीमार्गे आलेला डेट्रॉइटच्या तिसऱ्याच घराण्याचा आहे.